‘४५ टक्के’ कशाचे? घरातलं म्हातारपण, तंत्रज्ञान आणि एक गाजलेला प्रयोग

वृद्ध माणसांनी आपल्याच घरात, आपल्याच माणसांत, जमेल तितकं स्वतंत्रपणे राहावं आणि त्यासाठी तंत्रज्ञानाने हातभार लावावा, या विषयाला संशोधनात ‘एजिंग इन प्लेस’ म्हणतात. सेन्सर, स्मार्ट घड्याळं, पडल्याचं ओळखणारे कॅमेरे, औषधाची आठवण करून देणारी यंत्रं असं बरंच काही त्यात येतं. तुमच्यापैकी कुणी या विषयावर पीएच.डी.चा प्रस्ताव लिहीत असाल, तर पहिल्या पानावर एक वाक्य लिहायचा मोह तुम्हाला नक्की होणार: ‘अशा तंत्रज्ञानामुळे वृद्धांचे मृत्यू आणि रुग्णालयातल्या भरती कमी होतात हे सिद्ध झाले आहे.’

ते वाक्य लिहिण्याआधी जरा थांबा. या वाक्याच्या बाजूने जो सगळ्यात मोठा पुरावा दाखवला जातो, तो आज आपण नीट वाचणार आहोत. ब्रिटनमधला ‘होल सिस्टिम डेमॉन्स्ट्रेटर’ हा तो प्रयोग. तो वाईट होता असं मला म्हणायचं नाही. उलट या क्षेत्रात इतक्या काळजीने आखलेले प्रयोग कमीच आहेत, आणि म्हणूनच तो वाचण्यासारखा आहे. माझा आक्षेप आहे तो त्यातून एक आकडा उचलून त्याला वाट्टेल तिथे चिकटवण्यावर.

प्रयोग काय होता

इंग्लंडच्या सरकारने २००६ च्या आरोग्यविषयक श्वेतपत्रिकेत या प्रयोगाची घोषणा केली आणि २००८ मध्ये लोकांची नोंदणी सुरू झाली. जागा तीन: कॉर्नवॉल, केंट आणि लंडनमधलं न्यूहॅम. म्हणजे ग्रामीण, निमशहरी आणि दाट शहरी असं सगळं त्यात आलं.

आता एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कारण पुढची अर्धी गडबड तिथेच होते. या एका नावाखाली दोन वेगळे प्रयोग होते.

पहिला टेलिहेल्थचा. मधुमेह, हृदय निकामी होण्याचा विकार किंवा सीओपीडी हा फुप्फुसांचा आजार असलेल्या लोकांना घरी उपकरणं दिली. त्यांनी वजन, रक्तदाब, साखर, ऑक्सिजन यांपैकी आपल्या आजाराला लागू असेल ते मोजायचं आणि ते आकडे दूरवर बसलेल्या परिचारिकांनी बघायचे. यात ३,२३० लोक होते. अट होती ती आजाराची, वृद्ध असण्याची नव्हे. कोणताही प्रौढ रुग्ण चालत होता.

दुसरा टेलिकेअरचा. गळ्यात घालायचं धोक्याचं बटण, बिछान्यातून उठल्याचं कळवणारा सेन्सर, पडल्याचं, धुराचं, गॅसचं कळवणारी यंत्रं आणि या सगळ्यामागे एक कॉल सेंटर. यात सामाजिक काळजीची गरज असलेले २,६०० लोक होते. ‘एजिंग इन प्लेस’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे येतं, ते हे.

रचना चांगली होती. एकेका माणसाची चिठ्ठी न टाकता दवाखान्यांची टाकली. म्हणजे अमुक दवाखान्यातल्या सगळ्या सहभागींना उपकरणं आणि तमुक दवाखान्यातल्यांना नेहमीचीच सेवा. टेलिहेल्थमध्ये असे १७९ दवाखाने होते, टेलिकेअरमध्ये २१७. असं का? एकाच डॉक्टरकडे दोन्ही गटांतले रुग्ण असले तर त्याचं वागणं दोघांशी सारखंच बदलण्याची शक्यता असते, आणि मग फरक पुसला जातो. तुमच्या अभ्यासात एखादी आशाताई किंवा एखादी परिचारिका दोन्ही गटांना भेटणार असेल, तर हीच अडचण तुम्हालाही येणार आहे. हा धडा इथून जरूर घ्या.

आकड्याचा प्रवास

डिसेंबर २०११ मध्ये ब्रिटनच्या आरोग्य खात्याने ‘ठळक निष्कर्ष’ म्हणून काही पानं प्रसिद्ध केली. योग्य रीतीने वापरल्यास टेलिहेल्थमुळे मृत्युदर ४५ टक्क्यांनी कमी होतो, तातडीच्या भरती २० टक्क्यांनी कमी होतात, अपघात विभागातल्या फेऱ्या १५ टक्क्यांनी कमी होतात, असं त्यात होतं. सविस्तर शोधनिबंध तेव्हा आलेलाच नव्हता. तो ‘बीएमजे’त आला जून २०१२ मध्ये. मधल्या काळात, २०१२ च्या सुरुवातीलाच, हे तंत्रज्ञान तीस लाख लोकांपर्यंत पोहोचवण्याची ‘थ्री मिलियन लाइव्ह्ज’ ही मोहीमही सुरू झालेली होती.

क्रम बघा: आधी आकडा, मग धोरण, मग शोधनिबंध.

आता निबंधात काय आहे ते बघू. बारा महिन्यांत टेलिहेल्थ गटातले ४.६ टक्के लोक वारले, नियंत्रण गटातले ८.३ टक्के. फरक ३.७ टक्के-गुणांचा. म्हणजे शंभर लोकांमागे साधारण चार मृत्यू कमी. या ३.७ ला ८.३ ने भागलं की येतात ते ४५ टक्के. दोन्ही आकडे खरेच आहेत. पण ‘शंभरात चार’ हे ऐकून जे चित्र मनात उभं राहतं, ते ‘जवळजवळ निम्मे’ ऐकून राहत नाही. सापेक्ष घट दिसली की शेजारी निरपेक्ष घट लिहायची, ही सवय आजच लावून घ्या.

दुसरं म्हणजे, मृत्यू हे या प्रयोगाचं मुख्य मोजमाप नव्हतंच. मुख्य प्रश्न होता, वर्षभरात किमान एकदा रुग्णालयात भरती व्हावं लागलेल्यांचं प्रमाण किती. ते निघालं ४२.९ टक्के विरुद्ध ४८.२ टक्के. हा फरकही संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरतो, पण तो बराच साधा आहे आणि बातमीत मोठ्या अक्षरांत छापण्याजोगा नाही. रुग्णालयाचा खर्च दरडोई १८८ पौंडांनी कमी आला, पण हा फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकेल इतका अनिश्चित होता. त्या १८८ मध्ये उपकरणांचा आणि देखरेखीचा खर्च धरलेलाच नव्हता.

तो धरून केलेलं गणित २०१३ मध्ये आलं. चांगल्या प्रकृतीचं एक जादा वर्ष मिळवायला टेलिहेल्थवर सुमारे ९२,००० पौंड खर्च येतो, असं त्यात निघालं. ब्रिटनमध्ये एखादा उपचार परवडतो की नाही हे ठरवताना तेव्हा साधारण २०,००० ते ३०,००० पौंडांची मर्यादा धरत असत. त्याच वर्षी आलेल्या आणखी एका निबंधात लोकांचं जीवनमान, चिंता, नैराश्य यांवर बारा महिन्यांत काही फरक दिसला नाही.

४५ टक्के ज्याला माहीत असतात, त्याला हे ९२,००० बहुतेक वेळा माहीत नसतात. चांगली बातमी आधी आली आणि हिशेब नंतर, एवढंच त्याचं कारण.

तुलना कुणाशी?

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. तातडीच्या भरतींमधला फरक कुठून आला हे लेखकांनी प्रामाणिकपणे लिहिलं आहे. प्रयोग सुरू झाल्यावर लगेचच नियंत्रण गटातल्या भरती काही काळ वाढल्या. त्या का वाढल्या हे स्पष्ट नाही, कदाचित नोंदणीच्या प्रक्रियेचाच तो परिणाम असेल, असं ते म्हणतात.

याचा अर्थ नीट समजून घ्या. दोन गटांत अंतर पडण्याचे दोन रस्ते असतात. एक तर उपकरणवाले खरंच सुधारतात, किंवा बिगर-उपकरणवाले काही कारणाने बिघडतात. अंतर दोन्हीकडे सारखंच दिसतं. नोंदणीच्या वेळी कुणीतरी घरी येऊन तुमच्या आजाराबद्दल चार प्रश्न विचारून गेलं, आणि पुढे ना उपकरण आलं ना फोन, तर माणूस धास्तावून लवकर रुग्णालयात जाईल का? जाऊ शकेल. तसंच झालं असं मी म्हणत नाही. पण ही शक्यता शोधनिबंधात राहिली आणि ‘२० टक्के’ एवढंच बाहेर पडलं.

तुमच्या अभ्यासात नियंत्रण गट असेल तर त्याची सुरुवातीची रेषाही महिन्यामहिन्याने आखा. फक्त शेवटचा फरक सांगू नका.

मूळ प्रश्नाचं उत्तर

आणि टेलिकेअर? बटण, सेन्सर, म्हणजे आपल्या विषयाचा गाभा? त्याचा निबंध २०१३ मध्ये ‘एज अँड एजिंग’ या नियतकालिकात आला. रुग्णालयात भरती झालेले: ४६.८ टक्के विरुद्ध ४९.२ टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने ठोस नाही.

इथे गंमत अशी, की सुरुवातीच्या काही घटकांचा हिशेब धरून आकडे दुरुस्त केले तेव्हा फरक ठोस दिसला, आणि जोखमीच्या गुणांकाने दुरुस्त केले तेव्हा पुन्हा नाहीसा झाला. लेखकांनी दोन्ही गोष्टी लिहिल्या आणि निष्कर्ष काढला की बारा महिन्यांत सेवांच्या वापरात ठोस घट झाली नाही. हा निबंध मी ज्युनियर मुलामुलींना आवर्जून वाचायला देते तो याचसाठी. तीन विश्लेषणांपैकी एक तुमच्या बाजूने आलं आणि तुम्ही तेवढंच छापलंत, तर कुणाला कळणारही नाही. त्यांनी तसं केलं नाही.

आता सुरुवातीचं वाक्य परत वाचा. ‘अशा तंत्रज्ञानामुळे वृद्धांचे मृत्यू कमी होतात.’ मृत्यूचा आकडा आहे टेलिहेल्थचा, तीन ठरावीक आजारांचा, कोणत्याही वयाच्या प्रौढांचा. आणि प्रस्ताव आहे घरात पडण्याची सूचना देणाऱ्या सेन्सरचा. दोन वेगळ्या गोष्टींना एकाच प्रकल्पाचं नाव होतं, म्हणून एकीचा पुरावा दुसरीच्या खात्यात जमा झाला.

जे आलेच नाहीत

याच प्रकल्पाच्या पोटात एक छोटा गुणात्मक अभ्यास आहे, २०१२ चा. प्रयोगात यायला नकार दिलेल्या किंवा मधूनच बाहेर पडलेल्या २२ जणांच्या मुलाखती त्यात आहेत. फक्त बावीस! पण माझ्या मते हजारोंच्या निबंधाइतकंच त्याचं मोल आहे.

हे लोक काय म्हणाले? यंत्र चालवायला जे कौशल्य लागेल ते आपल्याकडे नाही असं काहींना वाटलं. सध्या मिळते ती सेवा, ओळखीची परिचारिका, यात बिघाड होईल अशी भीती काहींना होती. आणि तिसरं कारण थांबून वाचण्यासारखं आहे: आपण अजून स्वतःचं स्वतः बघतो, आणि हे उपकरण घरात आलं की आपण परावलंबी आजारी माणूस ठरतो.

स्वावलंबन टिकवण्यासाठी आणलेली वस्तूच काहींना स्वावलंबनावरचा घाला वाटली. यंत्र समजत नाही म्हणून नको, असं प्रत्येक वेळी नसतं. कधी यंत्र नीट समजतं, आणि ते आपल्याबद्दल काय बोलतं हेही समजतं, म्हणून नको असतं. ‘वृद्धांमध्ये तंत्रज्ञानाची भीती आढळते’ असं एक ओळीत लिहून पुढे जाणाऱ्यांनी हे बावीस जण आधी वाचावेत.

उपकरण घेतलं म्हणजे प्रश्न संपतो असंही नाही. केंब्रिजमध्ये नव्वदीपुढच्या ११० जणांवर वर्षभर लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास २००८ मध्ये ‘बीएमजे’त आला. वर्षभरात ६६ जण पडले. त्यातल्या ५३ जणांना किमान एकदा तरी स्वतःहून उठता आलं नाही, आणि २० जण तासभर किंवा त्याहून जास्त वेळ जमिनीवर पडून होते. मदतीला बोलावण्याची यंत्रं बऱ्याच जणांकडे होती. तरीही जास्त वेळ पडून राहण्याच्या बहुतेक प्रसंगांत ती वापरलीच गेली नाहीत. असा अभ्यास केवळ ‘यंत्र बसवलं का?’ एवढंच मोजणारा असता, तर उत्तर ‘हो’ आलं असतं.

बटणामागचा माणूस

तेव्हा लंडनमध्ये असलेल्या प्राध्यापक त्रिशा ग्रीनहाल्घ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळाच रस्ता धरला. ६० ते ९८ वयाच्या ४० जणांच्या घरी जाऊन, त्यांच्यासोबत वेळ घालवून, त्यांना नेमकं काय महत्त्वाचं वाटतं ते बघितलं. २०१३ च्या त्यांच्या निबंधाचं सार असं: दिलेली उपकरणं क्वचितच माणसाच्या गरजेला जशीच्या तशी बसली. जिथे बसली तिथे त्या माणसाने, किंवा त्याला ओळखणाऱ्या आणि त्याची काळजी असणाऱ्या कुणीतरी, नव्या यंत्राला जुन्या वस्तूंची जोड देऊन, थोडं इकडे थोडं तिकडे करून ते बसवलं होतं. आपल्याकडे याला जुगाड म्हणतात. त्यांच्या मते हा जुगाड म्हणजे दोष नव्हे. उपकरण उपयोगी पडतं ते त्याच्यामुळेच.

हे खरं असेल तर मोठ्या प्रयोगांची एक अडचण उघडी पडते. त्यांना सगळ्यांना सारखंच काहीतरी द्यावं लागतं, नाहीतर तुलना कशाची करणार? आणि उपकरण चालतं ते मात्र प्रत्येक घरात वेगळं केल्यावर. टेलिकेअरच्या फिक्या निकालाचं हेच कारण असं सिद्ध झालेलं नाही, पण मला ही शक्यता दुर्लक्ष करण्याजोगी वाटत नाही.

उपकरणामागे काय काय उभं असतं याचा धडा ब्रिटनला नंतर आणखी एकदा मिळाला. गळ्यातली बटणं वर्षानुवर्षं तांब्याच्या तारेच्या फोनवर चालत होती. त्या तारेतून फोनला वीजही मिळायची, त्यामुळे घरातली वीज गेली तरी फोन चालू राहायचा. ही जुनी यंत्रणा बंद करून फोन इंटरनेटवर नेताना काही ठिकाणी बटणं चालली नाहीत आणि गंभीर प्रसंग घडले. डिसेंबर २०२३ मध्ये ग्राहकांना सक्तीने नव्या यंत्रणेवर नेणं थांबवावं लागलं, आणि बदलाची मुदतही पुढे जानेवारी २०२७ पर्यंत गेली. बटण तेच, माणूस तोच. बदलली ती फक्त भिंतीतली तार.

हे सगळं ब्रिटनचं आहे. मग नाशिकला किंवा कोल्हापुरात अभ्यास करणाऱ्याने यातून काय घ्यावं? ४६.८ विरुद्ध ४९.२ हे आकडे तर मुळीच घेऊ नयेत. तिथे ‘नेहमीची सेवा’ म्हणजे ठरलेला दवाखाना, घरी येणारी परिचारिका आणि नगरपालिकेची सामाजिक सेवा. आपल्याकडे ‘नेहमीची सेवा’ म्हणजे शेजारच्या काकू, कामाच्या मावशी, सोसायटीचा वॉचमन आणि बंगळूरहून किंवा अमेरिकेहून रोज व्हिडिओ कॉल करणारा मुलगा. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन सकाळी ८ ते रात्री ८ माहिती आणि आधार देते. पण रात्री दोन वाजता बाथरूममध्ये पडलेल्या आजींचं दार कोण उघडणार, किल्ली कुणाकडे आहे, हा प्रश्न उरतोच. सेन्सरने मुलाला न्यू जर्सीत कळवलं, तरी मुलगा पहिला फोन करणार तो काकूंनाच. मग तुमच्या अभ्यासात काकू कुठे आहेत? त्यांची संमती घेतली का? रात्रीचे फोन त्यांना किती दिवस झेपतील हे कुणी मोजणार आहे का?

प्रस्ताव लिहिण्याआधी

माझं मत थोडक्यात सांगते. ‘होल सिस्टिम डेमॉन्स्ट्रेटर’ने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर प्रामाणिकपणे दिलं. पण तो प्रश्न रुग्णालयाचा होता: भरती कमी होतात का, खर्च वाचतो का? ‘एजिंग इन प्लेस’चा प्रश्न घराचा आहे: या माणसाला स्वतःला हवं तसं इथे राहता येतंय का? टेलिकेअरने भरती कमी झाल्या नाहीत म्हणून ते निरुपयोगी ठरत नाही, आणि टेलिहेल्थ गटात मृत्यू कमी दिसले म्हणून घरातलं म्हातारपण सुखाचं झालं असंही ठरत नाही.

तेव्हा वाङ्मयाचा आढावा लिहायला बसाल तेव्हा प्रत्येक निबंधापुढे एका कागदावर या पाच गोष्टी लिहा. उपकरण नेमकं कोणतं? माणसं कोणती, म्हणजे वय की आजार? मुख्य मोजमाप कोणतं ठरलं होतं आणि गाजलं कोणतं? नकार कुणी दिला, सोडून कोण गेलं? आणि बटण दाबल्यावर दार उघडायला कोण आलं?

शेवटच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी तुम्हाला काहीच लिहिता येणार नाही, कारण निबंधात ते सांगितलेलंच नसतं. तो रिकामा रकाना फाडून टाकू नका. मार्गदर्शकांकडे जाताना सोबत न्या. तुमचा संशोधन-प्रश्न बहुधा तिथेच सापडेल.